सात नरक, ४९ दिवस: ‘अलाँग विथ द गॉड्स’ पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

‘अलाँग विथ द गॉड्स’ हा कोरियन सिनेमा सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं होतात आणि नायक मेलेला असतो. उंच इमारतीला आग लागलेली, अग्निशामक दलाचा जवान किम जाहोंग एका लहान मुलीला छातीशी धरून खाली येतोय, आणि पुढच्या क्षणी तो स्वतःच्याच देहाशेजारी उभा. काळे कोट घातलेले दोघं जण त्याला अदबीनं सांगतात की ठरल्या वेळी, ठरल्याप्रमाणे तुमचा मृत्यू झाला आहे. त्यानंतर एका दमात सात राजे, तीन दूत, ४९ दिवस, पुनर्जन्माचे नियम असं सगळं अंगावर येतं. बरेच नवखे प्रेक्षक इथेच गोंधळतात आणि मग तलवारबाजी कधी येते याची वाट बघत उरलेला वेळ काढतात.

तलवारबाजी येते, पण हा मुळात कोर्टाचा सिनेमा आहे. आरोपी मेलेला आहे, वकील यमदूत आहेत, न्यायाधीश देव आहेत आणि एकामागून एक सात खटले चालतात. हे धरून बसलात की पहिला अर्धा तास सोपा जातो. बाकीचं पायरीपायरीनं बघू.

पायरी १: कुठला भाग आधी

भाग दोन आहेत. पहिला ‘अलाँग विथ द गॉड्स: द टू वर्ल्ड्स’, २० डिसेंबर २०१७ रोजी दक्षिण कोरियात लागला. लांबी साधारण २ तास २० मिनिटं. दुसरा ‘द लास्ट ४९ डेज’, १ ऑगस्ट २०१८, लांबी तेवढीच. दिग्दर्शक किम योंग-ह्वा. दोन्ही भागांचं चित्रण एकत्रच झालं होतं, दोन्हींचा मिळून खर्च सुमारे ४० अब्ज वॉन. पहिल्या भागाची कोरियात १ कोटी ४४ लाख तिकिटं खपली, दुसऱ्याची १ कोटी २२ लाखांच्या वर. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास, यावरून अंदाज करा.

दुसऱ्या भागाच्या पोस्टरवर मा दोंग-सक, म्हणजे आपल्याकडे डॉन ली म्हणून माहीत असलेला धिप्पाड नट दिसतो, म्हणून काही जण तिथूनच सुरुवात करतात. तसं करू नका. दुसऱ्या भागात ज्याचा खटला चालतो तो कोण, कसा मेला आणि त्याच्यासाठी एवढा आटापिटा का, हे सगळं पहिल्या भागात घडून गेलेलं असतं. दुसरा भाग त्याची उजळणी करत नाही.

नावांचंही एक आहे. कोरियन नाव ‘सिन्-ग्वा हाम्-के’, म्हणजे ‘देवांच्या सोबतीनं’. पहिल्या भागाचं कोरियन उपशीर्षक ‘पाप आणि शिक्षा’ आणि दुसऱ्याचं ‘इन् आणि यन्’. हे इन्-यन् म्हणजे बौद्ध विचारातले हेतू आणि प्रत्यय: मूळ कारण आणि त्याला फळ धरायला लावणारी परिस्थिती. रोजच्या कोरियन बोलण्यात ‘इन्यन्’ म्हणजे माणसामाणसांतले ऋणानुबंध. इंग्रजी नावांमध्ये हे सगळं गळून गेलं आहे, आणि दुसऱ्या भागाचा अर्धा अर्थ याच शब्दात आहे.

पायरी २: आवाज आणि उपशीर्षकं

आवाज मूळ कोरियनच ठेवा. डबिंगमध्ये मोठं नुकसान होतं ते आदरार्थी बोलण्याचं. दूत मेलेल्या माणसाशी आधी अतिशय अदबीनं बोलतात, कारण तो पुण्यवान म्हणून नोंदलेला आहे. पुढे त्याच्या एकेक गोष्टी बाहेर येतात तसा त्यांचा सूर बदलत जातो. मराठी माणसाला ‘आपण’, ‘तुम्ही’, ‘तू’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत मात्र सगळीकडे एकच ‘यू’. शब्द नाही कळला तरी सूर ऐकू येतो, म्हणून कान उघडे ठेवा.

उपशीर्षकं बहुधा इंग्रजीच मिळतात. त्यांचा आकार मोठा करून घ्या आणि मागे काळी पट्टी लावायची सोय असेल तर लावा. बर्फाच्या आणि वाळवंटाच्या नरकांत पडदा पांढुरका होतो आणि पांढरी अक्षरं दिसेनाशी होतात, नेमकी जिथे कोर्टातली महत्त्वाची वाक्यं असतात तिथे. कुठल्या मंचावर सिनेमा आहे हे बदलत राहतं, तेव्हा शोधून घ्या. फक्त तुकड्या-तुकड्यांत कापलेल्या क्लिपा आधी बघू नका. शेवटच्या खटल्याची क्लिप नेटवर सगळीकडे फिरत असते आणि ती आधी बघितली की पहिल्या भागातला निम्मा जीव गेला.

लिहिलेलं नाव आणि ऐकू येणारं नाव यांत फरक पडतो, त्यानंही घोळ होतो. उपशीर्षकात ‘गांगरिम’ असतं, ऐकू येतं ‘गांगनिम’. ‘योमरा’ लिहितात, म्हणतात ‘योम्ना’. कोरियन उच्चारात अशा जागी ‘र’चा ‘न’ होतो. दोन वेगळी पात्रं नाहीत.

पायरी ३: एवढे शब्द आधीच माहीत असू द्या

ईसुंग म्हणजे हा लोक, जोसुंग म्हणजे तो लोक. शब्दशः ‘हा जन्म’ आणि ‘तो जन्म’. आपले इहलोक-परलोक जवळजवळ त्याच साच्यातले.

छासा म्हणजे यमदूत. आपल्याकडचा यमदूत फास टाकून ओढून नेतो. इथला छासा नेतोही, वाटेत राखणही करतो आणि कोर्टात वकिलीही करतो. वकिलीचा भाग सिनेमातला; जुन्या कोरियन समजुतीतला छासा मुख्यतः न्यायला येणाराच.

ग्वीइन म्हणजे पुण्यात्मा, सन्माननीय मृत. जाहोंग हा १९ वर्षांत सापडलेला पहिलाच, म्हणून दूतांना आनंदाचं भरतं आलेलं असतं.

वनग्वी म्हणजे सूडानं पेटलेलं भूत. अन्यायानं मेलेला माणूस तिकडे न जाता इथेच घुटमळतो. नियम लक्षात ठेवा: मृताच्या घरातलं कोणी वनग्वी झालं, तर तिकडे त्या मृताच्या वाटेवर वादळं उठतात, राक्षस चालून येतात आणि वेळ झपाट्यानं सरू लागतो. सिनेमातली बरीच हाणामारी यामुळेच होते. हा नियम निसटला तर वाटतं, हे प्राणी मधेच कुठून आले?

देवांग म्हणजे महाराज, नरकाचा राजा. फानग्वान म्हणजे त्या दरबारातले अभियोक्ते. चित्रगुप्ताची वही घेऊन सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसलेले समजा. इथे ते दोघं आहेत आणि थोडे विनोदीही.

ऑपग्यंग म्हणजे कर्माचा आरसा. मृताचं आयुष्य त्यात दिसतं. पुरावा म्हणून हाच चालतो. आरसा खोटं दाखवत नाही, पण सगळंही दाखवत नाही. फानग्वान हवा तेवढा तुकडा लावतात, बचावाचा वकील त्याच्या अलीकडचा-पलीकडचा भाग मागतो, आणि जवळजवळ प्रत्येक खटल्याचा निकाल या ओढाताणीवर ठरतो.

पायरी ४: माणसं ओळखा

तीन दूत. गांगनिम हा प्रमुख, भूमिकेत नट हा जंग-वू (‘हा’ नावातलाच): थंड चेहऱ्याचा, तलवार चालवणारा, मुख्य वकील. हेवनमेक म्हणजे जू जी-हून: अंगरक्षक, तोंडाळ, कायद्याचं ज्ञान बेताचं. दॉकचुन म्हणजे किम ह्यांग-गी: वयानं पोरसवदा दिसणारी सहायक वकील, मृतासाठी जीव तोडणारी. तिघांचा करार असा की हजार वर्षांत ४९ जणांना सातही खटल्यांतून सोडवून पुनर्जन्म मिळवून द्यायचा; ते जमलं तर तिघांनाही माणसाचा जन्म. जाहोंग हा ४८वा. त्यामुळे दूतांच्या दयाळूपणात थोडा स्वार्थही आहे, आणि सिनेमा तो लपवत नाही.

जाहोंग म्हणजे छा थे-ह्यन. त्याचा धाकटा भाऊ सुहोंग म्हणजे किम दोंग-उक. आई मुकी आहे, खुणांनी बोलते. तिच्या हातांकडे लक्ष असू द्या, शेवटी तेच लागतं.

योमरा म्हणजे ई जंग-जे. ‘स्क्विड गेम’मधला चेहरा, पण २०२१ च्या आधीचा आणि लांब केसांचा. हा आपलाच यमराज. संस्कृत ‘यमराज’ चिनीत गेला, तिथून आखडून कोरियनमध्ये ‘योमरा’ झाला. रेडा मात्र वाटेत कुठेतरी सुटला. आपल्या पौराणिक नाटका-सिनेमांतला गडगडाटी हसणारा यम डोक्यात ठेवून बसलात तर याला खलनायक समजाल, आणि मग दुसऱ्या भागात त्याचं वागणं कळेनासं होईल.

पायरी ५: ४९ दिवस आणि दहा राजे

हा हिशेब सिनेमाकारानं काढलेला नाही. मृत्यू आणि पुढचा जन्म यांच्या मधली अवस्था, संस्कृतात अंतराभव, सात-सात दिवसांच्या टप्प्यांनी जास्तीत जास्त ४९ दिवस चालते, ही कल्पना भारतीय बौद्ध ग्रंथांतली. चीनमध्ये तिला दहा राजांच्या दरबाराची जोड मिळाली: पहिले सात राजे दर सातव्या दिवशी, आठवा १०० व्या दिवशी, नववा वर्षानं, दहावा तिसऱ्या वर्षी. कोरियात आजही कुटुंबं ४९ व्या दिवशी मंदिरात विधी करतात, त्याला ‘सासिप्गुजे’ म्हणतात. आपल्याकडे दहावं, तेरावं आणि वर्षश्राद्ध जसं वाटेनं जाणाऱ्याला शिदोरी म्हणून असतं, तसंच काहीसं.

सिनेमा दहांपैकी सातच राजे घेतो आणि त्यांचा क्रमही फिरवतो. परंपरेत योमरा पाचवा. सिनेमात तो शेवटचा. त्यामुळे कोरियन मंदिरातली चित्रं पाहिलेल्यांनी क्रम जुळवायच्या फंदात पडू नये.

नावं आणि खुणा यांत गल्लत झाली की सातही नरक सारखेच वाटू लागतात. म्हणून दिग्दर्शकानं प्रत्येकाला एकेक निसर्गतत्त्व दिलं आहे, ते धरा. हत्येचा नरक आगीचा, आळसाचा पाण्याचा, खोटेपणाचा लोखंडाचा, अन्यायाचा बर्फाचा, विश्वासघाताचा आरशाचा, हिंसेचा गुरुत्वाकर्षणाचा, आणि जन्मदात्यांविरुद्धच्या पापाचा वाळूचा. पडद्याचा रंग बदलला की खटला बदलला.

वाटेतल्या जागाही ओळखीच्या निघतील. लोखंडी पात्यांच्या झाडांचं जंगल लागतं, त्याला कोरियनमध्ये ‘गॉमसुरिम’ म्हणतात, तलवारवृक्षांचं वन. गरुडपुराण ऐकलेल्या घरात ‘असिपत्रवन’ हा शब्द कानावर पडलेला असतो, जात तीच. नदी ओलांडायची कल्पनाही आपल्या वैतरणीच्या नात्यातली. फक्त गाय दान करून शेपूट धरायची सोय इथे नाही, आणि पाण्यात माणसाच्या तोंडाचे मासे आहेत.

पायरी ६: खटला कसा बघायचा

प्रत्येक खटल्यात चारच गोष्टी मोजा. आरोप काय? आरशातला कोणता तुकडा दाखवला? बचावानं कोणता तुकडा जोडला? आणि तरीही काय उरलं? चौथी सगळ्यांत महत्त्वाची. जाहोंग निर्दोष सुटतो, पण दर वेळी त्याच्याबद्दलची एक गोष्ट अर्धवट राहते आणि ती पुढच्या दरबारात जाते.

आळसाचा खटला नमुना म्हणून घ्या, कारण पूर्ण सिनेमाची रीत त्यात दिसते. राणी छोगांग, म्हणजे किम हे-सूक, न्यायासनावर. मागे पाण्यात अजस्र खांब गरगर फिरताहेत आणि जन्मभर आळस केलेले त्यांच्यापुढे अखंड धावताहेत; थांबला तो पाण्यात, माशांच्या तोंडी. जाहोंग दिवसा आग विझवायचा आणि उरलेल्या वेळात मिळेल ते दुसरं काम करायचा. अभियोक्त्यांना बोट ठेवायला जागा नाही. राणी इतकी खूश होते की याचा पुतळा उभारावा असं बोलू लागते. मग सहज विचारते, एवढं राबायला बळ कुठून आणलंस? आणि हा प्रामाणिकपणे सांगून टाकतो: पैशासाठी.

दरबाराचा रंगच पालटतो. पैशाला देव मानणारा म्हणून मघाचा पुण्यात्मा क्षणात आरोपी होतो. गांगनिमला आता आळस खोडायचा नसून पैसा कशासाठी लागत होता ते दाखवायचं आहे. तो आजारी आई आणि धाकट्या भावाचं शिक्षण पुढे करतो आणि जाहोंग सुटतो. पण इथे थांबून स्वतःला विचारा: ज्याचा आईवर एवढा जीव, तो इतकी वर्षं घरी का गेला नाही? या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही. तो प्रश्न सोबत घेऊन पुढे चला.

त्याआधीचा हत्येचा खटलाही असाच: आगीत अडकलेल्या सहकाऱ्याला मागे ठेवून जाहोंग बाहेर पडला, तर ती अप्रत्यक्ष हत्या झाली का? आणि नंतरचा खोटेपणाचा: त्यानं लिहिलेली खोटी पत्रं. तिथे न्यायासनावर राजा थेसान म्हणून एक लहान मुलगी बसलेली असते. दचकू नका, राजाचं वय आणि रूप सिनेमानं मनमोकळेपणानं ठरवलं आहे. खोट्यानं कोणाचं भलं झालं तर ते पाप धरायचं का, यावर या खटल्यात चांगली वादावादी आहे. अन्याय आणि विश्वासघात या दोन नरकांत कथा फार रेंगाळत नाही. कोणी एखादा चहा करून आणायचा म्हटलं तर इथे आणावा.

हिंसेच्या नरकापासून पुढे उठू नका. आतापर्यंत उरलेल्या सगळ्या शिल्लकी इथून गोळा होऊ लागतात. पुढचं मुद्दाम सांगत नाही.

पायरी ७: सैन्याचा धागा

गांगनिम मधूनच खटले सोडून या लोकात परत येतो. वनग्वी कोण आणि का झालं, ते शोधायला. अनेकांना हा तपास म्हणजे मूळ गोष्टीला फुटलेला फाटा वाटतो. तसं वाटण्याचं एक कारण म्हणजे कोरियन सैन्याची पार्श्वभूमी माहीत नसणं.

दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. सिनेमाच्या काळात भूदलात ती २१ महिन्यांची होती, नंतर १८ वर आली. सुहोंग उत्तर कोरियाच्या सीमेलगतच्या तळावर आहे, सेवा संपायला थोडेच दिवस उरलेत आणि पुढे कायद्याची परीक्षा द्यायची आहे. त्याच्या तुकडीत वन दोंग-यन नावाचा बावरलेला शिपाई आहे, एक्सो या कोरियन पॉप गटातला दो ग्यंग-सू. कोरियन सैन्यात अशा जवानांसाठी ‘ग्वान्शिम ब्यंग्सा’ असा शब्द आहे: ज्याच्यावर वरिष्ठांनी विशेष लक्ष ठेवायचं तो. सुहोंग त्याला सांभाळून घेतो. मग गोळी सुटते. त्यानंतर बढतीच्या उंबरठ्यावरचा एक अधिकारी काय करतो, इथून सगळं बिघडतं. मुलगा सैन्यात पाठवून दारात वाट बघणारी आई हा कोरियन घराघरातला अनुभव, म्हणून तिथल्या थिएटरांत हे प्रसंग इतके खोल गेले.

थोडं रडण्याबद्दलही. कोरियात हा सिनेमा लागला तेव्हा समीक्षकांनी ‘सिन्फा’ असा शिक्का मारला. सिन्फा म्हणजे डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय न सोडणारा मेलोड्रामा. शब्द जुन्या नाटकांतून आलेला. शिक्का अगदीच खोटा नाही. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सगळे दृश्यचमत्कार बाजूला ठेवून सिनेमा आई आणि दोन मुलगे यांच्यावर येतो आणि संगीत जरा जास्तच दाटून येतं. पण ते रडू आधीच्या पाच खटल्यांनी जमवलेल्या पुराव्यावर उभं आहे. ज्यांनी उरलेलं मोजत आणलं, त्यांना ते फुकटचं वाटणार नाही. नुसत्या लढाया बघितलेल्यांना मात्र सिनेमानं अचानक रूळ बदलला असं वाटतं, आणि तक्रारी तिथूनच येतात.

मुलांना दाखवायचा असेल तर: कोरियात याला १२ वर्षांवरील असं प्रमाणपत्र आहे. नरकांपेक्षा सैन्याच्या तळावरचा एक प्रसंग जास्त घाबरवणारा आहे. लहान मूल सोबत असेल तर आधी एकट्यानं बघून घ्या.

पहिला भाग संपला की लगेच बंद करू नका. शेवटी मा दोंग-सकची झलक येते. दुसऱ्या भागाचं दार तिथून उघडतं.

पायरी ८: दुसरा भाग, तीन धागे

दोन भाग एकाच रात्री बघू नका. पावणेपाच तास होतात आणि दुसऱ्याची मांडणी जास्त गुंतागुंतीची. एक-दोन दिवस मधे जाऊ द्या.

यात तीन गोष्टी आलटून पालटून चालतात. परलोकात गांगनिम ४९ व्या मृताचा खटला लढवतो. इहलोकात हेवनमेक आणि दॉकचुन एका म्हाताऱ्याला न्यायला जातात आणि त्याच्या घरचा देव त्यांना आत येऊ देत नाही. आणि तिसरी, हजार वर्षांपूर्वीची, गोर्यो राजवटीतली: तिघे दूत माणसं होते तेव्हाची. कुठे आहोत ते कपड्यांवरून ओळखा. काळे कोट आणि वाळू-बर्फ म्हणजे परलोक, जुनी वस्ती म्हणजे आजचं शहर, चिलखत आणि घोडे म्हणजे गोर्यो. त्या काळात सीमेवर जुर्चेन टोळ्यांशी लढाया चालत, एवढं माहीत असलं तरी पुरे.

घरचा देव सॉन्जू हा या भागाचा जीव. कोरियन घरात जुन्या समजुतीप्रमाणे जागोजागी देव: तुळईत सॉन्जू, चुलीशी जोवांग, संडासातसुद्धा एक तापट देवता. सॉन्जूसाठी मडक्यात धान्य भरून ठेवायची रीत होती. वास्तुपुरुष पुरणाऱ्या, चुलीला हळदीकुंकू वाहणाऱ्या माणसाला हे चटकन कळतं. आता प्रश्न असा, की वस्तीच पुनर्विकासासाठी पाडायला निघाली तर तुळईतल्या देवानं जायचं कुठे? मुंबईतल्या चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्यांना या भागात वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. म्हातारा आणि त्याचा शाळेत जायच्या वयाचा नातू यांच्यासाठी हा धिप्पाड देव शेअर बाजारातल्या फंडात पैसे घालतो आणि बुडवतो. अंगावर एवढी ताकद, पण माणसावर हात उगारता येत नाही, घरदेवाचा नियम.

मधे डायनासोर येतात. होय. ते का येतात याचं कारण सिनेमात आहे, पण समाधानकारक नाही. पहिल्या भागाच्या मानानं दृश्यचमत्कारांची हौस इथे जरा सैल सुटली आहे. तो प्रसंग सोडून दिलात तरी कथेचं काही अडत नाही. याच्याही शेवटी श्रेयनामावली सुरू झाल्यावर बसून राहा. योमरा आणि गांगनिम यांच्यातली एक महत्त्वाची गोष्ट तिथे उलगडते, आणि ती चुकली तर दोन्ही भागांतलं योमराचं वागणं कोडंच राहतं.

पायरी ९: आवडला तर पुढे

मूळ कलाकृती म्हणजे जू हो-मिन यांची वेबटून, म्हणजे नेटवर हप्त्यांनी येणारी चित्रकथा, नेव्हर या संकेतस्थळावर २०१० ते २०१२ दरम्यान तीन पर्वांत आलेली: परलोक, इहलोक आणि पुराणकथा. सिनेमा बघून ती वाचणाऱ्यांना पहिला धक्का असा की तिथला जाहोंग अग्निशामक नाही, साधा नोकरदार आहे. दुसरा, तिथे जिन गी-हान नावाचा एक वेगळा वकील आहे, सिनेमात तो गाळून त्याचं काम गांगनिमला दिलं आहे. वेबटूनच्या अनेक चाहत्यांना हे मुळीच रुचलं नाही. साध्या नोकरदाराचा खटला म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येकाचा खटला, आणि ती गंमत वीर अग्निशामकात थोडी हरवली, हे खरंच आहे. पण पडद्यावर पुण्यात्म्याचं बिंग फुटत जाण्यात जे नाट्य आहे, ते नोकरदारात जमलं नसतं.

गांगनिम हे नाव आणखी जुनं. जेजू बेटावरच्या ओझांच्या, म्हणजे देवऋषींच्या गाण्यांत गांगनिमची कथा आहे: जिवंतपणी परलोकात जाऊन योमराला घेऊन येण्याची कामगिरी त्याच्यावर येते, आणि पुढे तोच दूत होतो. तीन दूतांचं त्रिकूटही रीतिरिवाजातलं. पूर्वी घरात मृत्यू झाला की दाराबाहेर तीन वाट्या भात, तीन जोड चपला आणि थोडे पैसे मांडत. लांबून चालत आलेल्या दूतांनी जेवावं, झिजलेल्या चपला बदलाव्या आणि आपल्या माणसाला वाटेत नीट वागवावं म्हणून. याला ‘साजात्बाप’ म्हणतात, दूतांचा भात. हे माहीत असलं की सिनेमातले तिघं दारात उभे राहतात तेव्हा चपलांकडे नजर जाते.

कोरियाला जाण्याचा योग आला तर कुठल्याही मोठ्या बौद्ध मंदिरात ‘म्यंगबुजन’ असा फलक शोधा. मृतांच्या न्यायाचं दालन. सोलजवळच्या गांघ्वा बेटावरच्या जॉन्दुंगसा मंदिरात जुन्या लाकडी मूर्तींचं असं दालन आहे. मध्यभागी असतो जिजांग, म्हणजे बोधिसत्त्व क्षितिगर्भ, नरकातल्यांना सोडवण्याचं व्रत घेतलेला. राजे दोन्ही बाजूंना पाच-पाच, साधारणपणे विषम अंकांचे एकीकडे आणि सम अंकांचे दुसरीकडे. मूर्तींकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताच्या रांगेत मध्यापासून तिसरा तो पाचवा राजा, योमरा. राजांची चित्रंही टांगलेली असतील तर खात्री करून घ्यायला सोपं आहे: ज्या चित्रात दूत एका माणसाला धरून गोल आरशासमोर उभा करताहेत, ते त्याचं.